पहिल्या नोकरीसाठी पुण्यात येताना

लातूर, नांदेड, जळगाव किंवा सांगलीहून पहिल्या नोकरीसाठी पुण्यात येणाऱ्या तरुण-तरुणींना सर्वांत मोठी घाई असते ती घर पक्के करण्याची, आणि माझ्या मते नेमकी तीच टाळली पाहिजे. पहिला महिना कॉट बेसिसवर (म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरते भाडे देऊन) किंवा पीजीमध्ये काढावा. थोडी गैरसोय होते. परंतु कार्यालयाची खरी वेळ, जाण्यायेण्याचा त्रास आणि पगारातून हाती उरणारी रक्कम कळल्याखेरीज भाड्याचा आकडा ठरवण्यात अर्थ नसतो.

परिसर निवडताना केवळ किलोमीटरवर विसंबू नये. नोकरी हिंजवडीला असेल, तर कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास वाकडकडून तिकडे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मेट्रोच्या दोन मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात मिळतात. कार्यालय त्यांच्या जवळ असल्यास स्थानकापासून चालत जाता येईल असे घर थोडे महाग पडले तरी घ्यावे.

घर पाहायला गेल्यावर फरशी आणि रंग नंतर पाहावेत, आधी स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला नळ सोडून पाहावा. उपनगरांतील अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतात आणि ही माहिती एजंटपेक्षा फाटकावरचा वॉचमन अधिक खरी देतो. दिवसाला किती टँकर येतात आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे की वेगळा द्यावा लागतो, हे त्यालाच विचारावे.

कराराच्या बाबतीत मात्र कोणतीही भीड बाळगू नये. ‘अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळते आणि ते चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधील कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीपुरते राहायला देण्याचा, करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे. ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती न केल्यास त्याला तुरुंगवास किंवा दंड होऊ शकतो. आता आधारच्या आधारे अंगठ्याचा ठसा देऊन ही नोंदणी घरबसल्या होते. सही करण्यापूर्वी लॉक-इनचा काळ (ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ती मुदत), घर सोडण्याची नोटीस आणि रंगकामासाठी अनामत रकमेतून होणारी कपात ही कलमे स्वतः वाचावीत, कारण घर सोडताना वाद होतात ते बहुधा यांवरूनच. चाव्या घेतानाच वीजमीटरचे रीडिंग, भिंतींवरची ओल आणि आधीपासून तुटलेल्या वस्तू यांची छायाचित्रे काढून ती घरमालकाला पाठवून ठेवावीत. नोंदणीकृत करार पुढे आधारवरील पत्ता बदलण्यासाठीही उपयोगी पडतो.

जेवणासाठी सुरुवातीला महिन्याची मेस लावणे सर्वांत सोयीचे. पैसे भरण्यापूर्वी खाडा कसा धरतात हे विचारून घ्यावे: काही ठिकाणी सलग काही दिवस जेवायला न आल्यासच त्या दिवसांचे पैसे वळते केले जातात, काही ठिकाणी अजिबात नाहीत. दर शनिवार-रविवारी गावी जाणाऱ्याला हा फरक महिनाअखेरीस चांगलाच जाणवतो.

अनेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात आणि एकटेपणाही बहुधा त्याच वेळी अंगावर येतो. तो सहन करत खोलीत बसून राहू नये, ठरलेल्या दिवशी ठरलेली माणसे भेटतील अशी जागा शोधावी. 1848 मध्ये स्थापन झालेल्या पुणे नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयाचे सभासद व्हावे, सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जावे, किंवा पावसाळ्यात ढोल-ताशा पथकात नाव नोंदवावे. गणेशोत्सवाच्या आधी काही आठवडे पथकांचा सराव चालतो आणि अनेक पथके नवशिक्यांनाही घेतात. तिथे कंपनी किंवा गाव कोणी विचारत नाही, फक्त वेळेवर यावे लागते. रोज एकत्र सराव करणाऱ्यांपैकीच कोणीतरी पुढे खोलीसाठी जोडीदार सुचवतो, आणि ताप आला तर डॉक्टरकडेही घेऊन जातो.