मुलाला शिकायला पुण्याला पाठवताय? आधी पहिल्या तीन महिन्यांचे रोख पैसे बाजूला काढा

वर्षाच्या फीचा हिशेब सगळेच करतात. घर अडतं ते जुलै-ऑगस्टमध्ये. खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, गादी, बादली, पुस्तकं, सगळं एकदम अंगावर येतं. महाडीबीटीवरची (राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरची) शिष्यवृत्ती किंवा स्वाधार योजनेचा (वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीचा) भत्ता तेव्हा हातात नसतो. अर्ज, कॉलेजची पडताळणी, मंजुरी यात महिने जातात. म्हणून ती रक्कम पहिल्या तिमाहीच्या हिशेबात धरूच नका.

दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतू केंद्रांवर झुंबड उडते. उत्पन्नाचा दाखला त्याआधीच काढून ठेवा. बँक खातं विद्यार्थ्याच्याच नावाचं हवं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधारशी जोडलेलं हवं. नुसतं केवायसी झालं म्हणजे ही जोडणी झाली असं नाही, बँकेत स्पष्ट विचारून घ्या. शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पैसे अडकतात ते बऱ्याचदा इथेच.

खोली भाड्याची असेल तर भाडेकरार लेखी करा, पावत्या जपा. भत्त्याच्या अर्जाला लागू शकतात. डिपॉझिट कधी आणि किती परत मिळणार, हेही करारातच लिहून घ्या. घरमालक ओळखीचा असला तरी. ओळखीचा असेल तर जास्तच.