नुसती वर्दी चढली म्हणजे हिरो होतो का? भरतीच्या पोरापोरींसाठी

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-पुलगाव पट्ट्यात ट्रेनिंग संपवून पोरगा पहिल्यांदा सुट्टीवर आला की स्टँडपासून घरापर्यंत मिरवणूक निघते. डीजे, गुलाल, चौकात बॅनर. आईबापानं पऱ्हाटीच्या पैशातून त्याला शिकवलेलं असतं, त्यांच्या आनंदाला माझी काहीच हरकत नाही. पण मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे फौजेला रेशन-माल पोचवणाऱ्या विभागात, गाड्या चालवून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, आणि सकाळी ग्राउंडवर सोळाशे मीटर धावणारी पोट्टे-पोट्ट्या मला दोनच प्रश्न विचारतात. एक, मेरिट किती लागंल? दुसरा, "काका, तुमी किती आतंकवादी मारले?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं म्हणून हे लिहितो आहे. पोरं ज्या समजुतीनं फौजेत जातात, त्या समजुतीवरच त्यांची पुढची वर्षं सुखाची जातात की कडू होतात हे ठरतं.

माझं मत सरळ आहे. फौजेची नोकरी इज्जतीची आहे, कष्टाची आहे, पण तेवढ्यानं कोणी हिरो होत नाही. आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाही, फौजच असं मानते.

माजी सैनिकांच्या कार्यक्रमात छातीवरच्या रंगीत पट्ट्या तुम्ही पाहता. लोकांना वाटतं, प्रत्येक पट्टी म्हणजे एक लढाई. तसं नसतं. नऊ वर्षं नोकरी झाली की एक मेडल, वीस झाली की दुसरं. सियाचीनला ठरलेला काळ काढला की त्याचं वेगळं. ही मेडलं तुम्ही कुठे होतात आणि किती वर्षं होतात एवढंच सांगतात. शौर्याची मेडलं निराळी, आणि ती एखाद्या ठरावीक दिवशी केलेल्या ठरावीक कृत्यासाठी मिळतात. 1947 पासून आजपर्यंत लाखो लोकांनी वर्दी घातली, परमवीरचक्र मात्र 21 जणांनाच मिळालं, त्यातले 14 मरणोत्तर. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे इंजिनियर पलटणीचे. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर आपले रणगाडे पुढे जावेत म्हणून त्यांनी गोळीबारात, जखमी असतानाही, सुरुंग काढले आणि रस्ता मोकळा केला. सुरुंग काढणं हे त्यांच्या ट्रेडचंच काम. त्याच कामात ते कोणत्या वेळी आणि कसे उभे राहिले, त्यासाठी ते चक्र आहे.

पेन्शनवर येताना हातात डिस्चार्ज बुक मिळतं. त्यात कॅरेक्टरचा एक रकाना असतो: एक्झेम्प्लरी, व्हेरी गुड, गुड. सारखीच वर्षं काढलेल्या दोघांच्या बुकात तिथे सारखा शेरा असेलच असं नाही. नुसत्या नोकरीनं सगळे थोर झाले असते, तर फौजेनं तो रकाना ठेवलाच नसता.

आता रोजचं काम. ग्राउंडवर पोरं जे स्वप्न पाहतात त्यात हातात बंदूक असते आणि समोर दुश्मन असतो. प्रत्यक्षात पहाटेची पीटी, मग परेड, मग आपापल्या ट्रेडचं काम. कोणी लंगरमध्ये पोळ्या लाटतो, कोणी स्टोअरमध्ये लेजर लिहितो, कोणी रात्रीची संत्री ड्युटी, म्हणजे पहारा, करतो आणि त्या रात्री काहीही घडत नाही. काही घडलं नाही म्हणजेच ड्युटी नीट झाली. आमचं काम हिवाळ्याआधी लडाखला माल पोचवणं. झोजीला खिंड बंद व्हायच्या आत रेशन, केरोसीन, डाळ-तांदूळ वर गेलं पाहिजे, नाहीतर वरच्या चौकीवरच्या माणसाचा हिवाळा वाईट जातो. कॉन्व्हॉयमध्ये पुढच्या गाडीच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढायचं. कंटाळा येतो, डोकं दुखतं, थंडीनं बोटं स्टिअरिंगवरून सुटत नाहीत. आणि त्याच रस्त्यावर झारखंडातून आलेले मजूर बीआरओच्या, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या संघटनेच्या, कामावर फावड्यानं बर्फ आणि दगड बाजूला करत उभे असतात. त्यांच्या अंगावर वर्दी नाही आणि गावी त्यांचं बॅनर लागत नाही. ते नसते तर आमची एक गाडी वर गेली नसती.

एक प्रसंग सांगतो, कारण हिंमत जवळून कशी दिसते ते पोरांना माहीत असावं. चढावर आमच्या पुढची स्टॅलियन, म्हणजे फौजेचा ट्रक, थांबली आणि बर्फावरून इंच-इंच मागे सरकायला लागली. चाकांना साखळ्या होत्या तरी. डाव्या बाजूला खोल दरी. मेन ड्रायव्हर ब्रेकवर उभाच होता. दुसरा ड्रायव्हर पोरगाच होता, कोणाशी फार न बोलणारा. तो दार उघडून खाली उतरला, रस्त्याकडेचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि सरकणाऱ्या मागच्या चाकाखाली बसवला. बसवताना त्याचा हात चाकापासून वीतभर अंतरावर होता. दगड थोडा घसरला, त्यानं गुडघा टेकून तो पुन्हा दाबला, आणि गाडी थांबली. मग उठून त्यानं दुसऱ्या बाजूच्या चाकालाही दगड लावला. मेडल वगैरे काही नाही. रात्री ट्रान्झिट कॅम्पात तो नेहमीसारखा जेवून झोपला. आम्ही सगळ्यांनी तेवढीच वर्षं तीच वर्दी घातली होती, पण त्या मिनिटाला उतरला तो एकटाच. म्हणून मी सगळ्या ड्रायव्हरांना एकाच मापानं मोजू शकत नाही.

तुकाराम ओंबळे यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. ते आधी फौजेत होते हे फार थोड्यांना ठाऊक असतं. फौजेची नोकरी पुरी करून ते मुंबई पोलिसात आले. फौजेतल्या वर्षांसाठी त्यांना देश ओळखत नव्हता. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत सापडला. त्यासाठी त्यांना अशोकचक्र. हेच अशोकचक्र नीरजा भनोत या विमानातल्या कर्मचारी मुलीला मिळालं, तिचा फौजेशी संबंध नव्हता. आणि आपल्या घराजवळचं बघा. 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या दारूगोळा डेपोला आग लागली. त्यात दोन अधिकारी गेले, पण मृतांमध्ये जास्त करून डेपोच्या अग्निशमन दलाचे कर्मचारी होते. बंदूकवाले नव्हेत, पाइप धरून आगीकडे गेलेली माणसं. आमच्या गावातल्या किती घरांना त्या रात्रीचे हादरे बसले, आणि त्यातल्या किती पोरांना त्या माणसांबद्दल कोणी सांगितलं?

हे सगळं तुम्हाला भरतीआधी का सांगतो? कारण नोकरीलाच शौर्य समजलं की त्याचा पहिला मार न निवडलेल्या पोरांवर बसतो. उंचीत 168 सेंटिमीटरला एक कमी पडलं, मेडिकलला गुडघे चिकटले किंवा तळवा सपाट निघाला की पोरगा महिनाभर घराबाहेर पडत नाही. अरे, गुडघ्याच्या हाडाचा आणि मर्दुमकीचा काय संबंध? मेडिकलला अनफिट झालात तर मिलिटरी हॉस्पिटलात रिव्ह्यू मागता येतो, तो जरूर मागा. तरीही नाही झालं, तर एसआरपीएफ (राज्य राखीव पोलीस दल) आहे, पोलीस आहे, आयटीआय करून लाइनमनची परीक्षा आहे. पावसात खांबावर चढणाऱ्या लाइनमनचं काम कमी जोखमीचं आहे असं मला कोणी सांगू नये.

दुसरा मार परत येणाऱ्यांवर बसतो. अग्निपथ योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली, तिच्यातून भरती होणारा म्हणजे अग्निवीर. चार वर्षं सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के जण कायम. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 30 टक्के सेवानिधीला, म्हणजे हातात 21,000. चार वर्षांनी या सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख रुपये मिळतात. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे चारातले तीन जण पंचविशीच्या आसपास गावात परत. ज्याला गावानं बॅनरवर चढवलं आणि जो स्वतःही तसंच मानू लागला, त्याला पुढे दुकानात किंवा वावरात उभं राहणं जड जातं. ज्यानं ही चार वर्षांची चांगली नोकरी म्हणून घेतली, त्यानं ड्रायव्हिंगचं लायसन्स, ट्रेडचं सर्टिफिकेट, बारावी किंवा ग्रॅज्युएशन यातलं काहीतरी सोबत आणलेलं असतं. तुम्ही पहिल्या वर्षापासून हाच हिशोब ठेवा. सेवानिधीतून बुलेट घेऊ नका.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो, काही माजी सैनिक भाऊ नाराज झाले तरी. दारू पिऊन बायकोवर हात टाकणारा, ग्रामपंचायतीत सगळ्यांवर ओरडणारा, आणि वर "मी देशासाठी लढलोय" म्हणणारा माणूस मी पाहिला आहे. पूर्वीच्या नोकरीनं आजचं वागणं झाकता येत नाही. मुलींनो, मिलिटरी पोलिसात तुमच्यासाठीही अग्निवीरची भरती असते. तुम्हीही जा, आणि फौजी स्थळ आलं म्हणून डोळे मिटून होकारही देऊ नका.

बापांसाठी शेवटचं. पोरगा हिरो व्हावा या हौसेचा बाजार मांडणारे दलाल आपल्या तालुक्यात फिरतात. "मेडिकलला सेटिंग आहे" म्हणून लाखांत पैसे मागतात, बाप धुऱ्याकडचा वावराचा तुकडा गहाण टाकतो. ऑनलाइन परीक्षेच्या फॉर्मला उमेदवाराचे 250 रुपये लागतात, त्यापलीकडे भरतीत कोणाला एक पैसाही द्यायचा नसतो. सोळाशे मीटर पोरगा साडेपाच मिनिटांत धावला तर 60 मार्क, दहा बीम (पुल-अप) मारले तर 40. हे मार्क विकत मिळत नाहीत. कोणी पैसे मागितले तर नंबर लिहून ठेवा आणि नागपूरच्या सेना भरती कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या.