उन्हाळ्यातली मासे काढणी: जाळ्यापासून बर्फापर्यंत

तळ्यांचं पाणी आटायला लागलं की मासे काढायची घाई सुरू होते. माशाच्या चवीच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत अवघड. पाणी तापलेलं, त्यात विरघळलेला प्राणवायू कमी, आणि बाहेर काढलेला मासा उन्हात भराभर खराब होतो. कित्येक महिने खाद्य-पाणी सांभाळून वाढवलेल्या माशाचं मांस घट्ट राहणार की पिचपिचीत होणार, हे पुष्कळदा शेवटच्या तासाभरात ठरतं. त्या तासाची तयारी मात्र आदल्या दिवसापासून करावी लागते.

काढणीच्या आधी 24 तास खाद्य बंद ठेवा. भरल्या पोटाचा मासा मेला की त्याचेच पाचक रस पोटाची भिंत पोखरतात. पोट मऊ पडतं, फुटतं आणि आतली घाण मांसाला लागते. औषध मिसळलेलं खाद्य दिलं असेल, तर पाकिटावर सांगितलेला काळ पूर्ण झाल्याशिवाय जाळं टाकूच नका.

दोन-तीन मासे आधी काढून चाखून पाहा. तुकडा मीठ-मसाला न लावता वाफवायचा. चिखलाचा वास आला तर त्याचं कारण बहुधा जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं. निळी-हिरवी शेवाळं आणि काही जिवाणू ते तयार करतात. ते कल्ल्यांवाटे माशात शिरून चरबीत साठतं. मासा कापल्यावर कितीही धुतला तरी हा वास जात नाही. जिवंत मासे स्वच्छ, वाहत्या पाण्यात काही दिवस उपाशी ठेवणं हाच खात्रीचा उपाय. वास गेला का, हे पुन्हा चाखूनच ठरवा. काढणी लांबली तर चालेल, पण वासाचा मासा गिऱ्हाइकाच्या ताटात जाऊ देऊ नका.

जाळं पहाटे ओढावं हे खरं, पण पाण्यातला प्राणवायूही सूर्योदयाच्या सुमारासच सर्वांत कमी असतो. म्हणून रात्रभर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवा आणि सगळा माल एकाच ओढीत कोंडू नका. जेवढा माल लगेच मारून बर्फात घालता येईल, तेवढाच आत घ्या. गाळ ढवळला की तो कल्ल्यांत अडकतो आणि मासे गुदमरतात.

तडफडीचा परिणाम थेट मांसावर होतो. धडपडताना माशाच्या स्नायूंतली साठवलेली ऊर्जा संपते आणि आम्ल वाढतं. असा मासा मेल्यावर लवकर ताठरतो, त्याच्या मांसाच्या थरांत भेगा पडतात आणि शिजवल्यावर तो कोरडा लागतो. काठावर ढीग करून मासे आपोआप मरू देणं ही सर्वांत वाईट पद्धत आहे, माशासाठी आणि खाणाऱ्यासाठीही.

मोठा मासा ओल्या कापडात धरा. डोळ्यांच्या थोडं मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला जड दांडक्याचा एकच नेमका घाव घाला. कल्ल्यांची हालचाल थांबली आणि डोळा फिरायचा बंद झाला की मासा बेशुद्ध झाला असं समजा. नाहीतर लगेच दुसरा घाव घाला. मग कल्ल्याचं झाकण उचलून लाल कमानींच्या बुडाशी धारदार सुरी फिरवा आणि मासा स्वच्छ, थंड पाण्याच्या टबात सोडा. पाणी लगेच लाल होतं. 10 ते 15 मिनिटांत बहुतेक रक्त निघून जातं, मांस उजळ दिसतं आणि उग्र वास कमी राहतो. हे काम मारल्याबरोबर करायला हवं, कारण रक्त गोठलं की ते निघत नाही. टबातलं पाणी बदलत राहा.

दुसऱ्या टबात दोन भाग बर्फाचा चुरा आणि एक भाग स्वच्छ पाणी असा काला तयार हवा. नुसत्या बर्फाचे खडे माशाला जागोजागीच टेकतात, बाकी पोकळीत हवा राहते. काल्यातलं पाणी सगळ्या अंगाला लागतं, म्हणून मासा लवकर गार होतो. लहान मासे एकेक मारत बसणं शक्य नसतं, ते थेट काल्यात घाला. बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच हवा.

बर्फात काटकसर करू नका. 30 अंशांचे 10 किलो मासे शून्यावर आणायला हिशेबाने साडेतीन किलोच्या आसपास बर्फ पुरतो, पण पेटी, हवा आणि वाहतूक मिळून त्याहून जास्त वितळवतात. म्हणून उन्हाळ्यात किलोला किलो धरा. 10 अंशांवर मासा शून्य अंशांच्या साधारण चौपट वेगाने खराब होतो.

साफ करायचं असेल तर पूर्ण करा. पित्त फुटू देऊ नका, कण्यालगतची काळपट रक्ताची रेघ खरवडून काढा, थंड पाण्याने धुवा आणि पोटातही बर्फ भरा. अर्धवट साफ केलेल्या माशापेक्षा नीट गार केलेला अख्खा मासा बरा. ताठरलेला मासा पेटीत बसत नाही म्हणून वाकवू नका, मांस आतून फाटतं. मोठी पेटी घ्या.

पेटीच्या तळाला बर्फ, मग मासे, मग बर्फ असे थर लावा आणि शेवटचा थर बर्फाचाच ठेवा. खालचे मासे चेंगरतील इतकी पेटी भरू नका. तळाला भोक हवंच, नाहीतर मासे रक्ताळ पाण्यात भिजत राहतात. गाडी निघण्याआधी एका माशाच्या सर्वांत जाड भागात, कण्यापर्यंत थर्मामीटर खुपसून पाहा. वरची कातडी गार लागली तरी आतलं मांस कोमट असू शकतं. आकडा 4 अंशांच्या वर दिसला तर मासे पुन्हा काल्यात घाला आणि गाडी थांबवा.