कुंडीतल्या झाडानं मान टाकली? झारी उचलण्याआधी या चुका टाळा

टोमॅटो, मिरची, वांगं यांची पानं लोंबली की आपला हात आपोआप झारीकडे जातो. कधी ते बरोबर असतं. पण मुळं कुजायला लागलेलं झाडही थेट तसंच दिसतं, आणि त्याला त्या क्षणी पाणी दिलं की उरलीसुरली आशाही संपते. गच्चीवरची झाडं तहानेनं कमी आणि काळजीनं जास्त मरतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

पान ताठ राहतं ते पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबानं. पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळांनी वर पाठवलं नाही की दाब उतरतो आणि पान लोंबतं. आता मुळं पाणी का पाठवत नाहीत? माती कोरडी आहे म्हणून, माती चिखल झाल्यानं मुळांना हवा नाही म्हणून, मुळं कोणी खाल्ली म्हणून, मातीत क्षार साठले म्हणून, किंवा खोडातल्या नळ्याच तुंबल्या म्हणून. पान या सगळ्यांची एकच तक्रार करतं. म्हणून निदान पानावरून करायचं नाही, मातीवरून करायचं.

मातीला हात न लावता पाणी घालणं

वरची माती पांढुरकी दिसली म्हणजे कुंडी कोरडी, हा समज आधी सोडा. उन्हाळ्यात वरचा इंचभर थर दोन तासांत सुकतो आणि खाली ओल तशीच असते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घाला. मोठ्या कुंडीत बांबूची काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा, कुठपर्यंत माती चिकटली ते दिसतं. सगळ्यात भरवशाची खूण मात्र वजनाची. पाणी घातल्यावर कुंडी एकदा उचलून किंवा कलती करून पाहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. आठवडाभरात हाताला अंदाज येतो आणि मग काडीची गरज उरत नाही.

पानाचा स्पर्शही थोडं सांगतो. तहानलेलं पान पातळ, कोरडं लागतं, कडा कुरकुरीत होतात. जास्त पाण्यानं लोंबलेलं पान मऊ आणि जडसर असतं, बरेचदा खालची पानं पिवळी पडायला सुरुवात झालेली असते. पण हा फक्त पुरावा, निकाल मातीचाच.

वेळ पाहायला विसरू नका. दुपारी दोनला लोंबलेलं आणि संध्याकाळी सहाला पुन्हा उभं राहिलेलं झाड आजारी नसतं. भोपळा, दुधी, काकडी यांसारखी रुंद पानांची वेलवर्गीय मंडळी तर एप्रिल-मेमध्ये रोज हा प्रकार करतात. माती ओली असेल तर त्यांना तशीच राहू द्या. सकाळी सात वाजता, ऊन चढण्याआधीच झाड लोंबलेलं असेल, तर मात्र प्रकरण गंभीर आहे.

याच्या उलटही एक चूक होते. दुपारी माती खरंच खडखडीत कोरडी आहे, झाड आडवं झालंय, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘आता नको, उन्हात पाणी घातलं की झाड जळतं.’ पानावरच्या थेंबातून ऊन एकवटून पान भाजतं ही गोष्ट आपल्या गच्चीवरच्या भाज्यांच्या बाबतीत मनावर घेऊ नका. कोरड्या झाडाला दुपारीही पाणी द्या. जळतं ते वेगळ्या कारणानं. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी हात पोळेल इतकं गरम असतं. ते बादलीत सोडा, गार पाणी यायला लागलं की मग कुंडीकडे वळा.

रोज तांब्याभर

तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालायची आपली सवय भाजीच्या कुंडीलाही लागते. तांब्याभर पाण्यानं वरचे दोन इंच ओले होतात, तळ कोरडा राहतो, मुळं वरच्या थरातच गोळा होतात. मग एक दिवस पाणी चुकलं की झाड लगेच कोलमडतं. पाणी द्यायचं तर तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या आणि पुढचं पाणी कुंडी हलकी झाल्यावरच. बारा इंची कुंडीत वाढलेल्या टोमॅटोला कडक उन्हाळ्यात एका वेळी दोन-तीन लिटर सहज लागतात. पावसाळ्यात त्याच झाडाला आठ-आठ दिवस काहीच द्यावं लागत नाही. त्यामुळे ‘रोज किती पाणी घालू?’ या प्रश्नाला उत्तर नाही.

भोकातून पाणी आलं म्हणजे माती भिजली, असंही नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पूर्ण सुकलं की ते पाणी सहजासहजी धरत नाही, शिवाय आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतं. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, ताटलीत दिसतं, आणि आपण समाधानानं नळ बंद करतो. आत मुळांचा गोळा कोरडाठाक. काळ्या मातीला भेगा पडल्या की तिच्यातही हेच होतं. अशी कुंडी टबमध्ये किंवा मोठ्या बादलीत ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत खालून पाणी पिऊ द्या, अर्धा तास पुरतो, मग निथळायला ठेवा. कुंडी उचलण्यासारखी नसेल तर दर दहा मिनिटांनी थोडं थोडं असं तीन-चारदा पाणी द्या.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाचं दुखणं याच जातीचं. पिशवीतला लाल चिकणमातीचा गोळा घट्ट असतो, आपण तो तसाच भुसभुशीत मिश्रणात बसवतो. भोवतालचं मिश्रण ओलं, बोटाला ओल लागते, आणि मुळं ज्या गोळ्यात आहेत तो आतून कोरडा. पहिले पंधरा दिवस पाणी खोडाच्या अगदी जवळ, हळू घाला. लावतानाच गोळ्याच्या कडा हलक्या हातानं मोकळ्या केल्या तर हा त्रास बराच टळतो.

पावसाळ्यात मान टाकणारं झाड

सर्वात जास्त फसवणूक जुलै-ऑगस्टमध्ये होते. आठ दिवस झड लागलेली असते, झाड हिरवंगार दिसतं, आणि नवव्या दिवशी लख्ख ऊन पडताच दुपारी मान टाकतं. लोक म्हणतात, उन्हानं वाळलं. ऊन फक्त निमित्त असतं. मुळं आठ दिवस पाण्यात बुडून गुदमरलेली असतात. ढगाळ हवेत पानांतून पाणी फारसं उडत नव्हतं म्हणून ते झाकलं गेलं. मुळांना ओल आणि हवा दोन्ही लागतात. शेतात वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, येईपर्यंत शेतकरी थांबतो, कुंडीत मात्र वाफसा आपण आणावा लागतो.

अशा वेळी कुंडी कलती करून मातीचा गोळा बाहेर काढा. जिवंत मूळ पांढरट, ताठ असतं आणि मातीला मातीचाच वास येतो. कुजलेलं मूळ तपकिरी, बुळबुळीत, चिमटीत धरून ओढलं की वरचं साल हातात येतं आणि आतला दोऱ्यासारखा तंतू तेवढा उरतो. वास आंबूस, गटारासारखा. निम्म्याहून जास्त मुळं पांढरी असतील तर झाड बहुधा वाचतं. कुजलेली मुळं कापा, नव्या कोरडसर मिश्रणात लावा, फळं आणि काही पानं काढून झाडावरचा भार कमी करा, चार-पाच दिवस सावलीत ठेवा. खत अजिबात नको. अशक्त झाडाला युरिया किंवा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) घालून ‘ताकद’ द्यायची हौस अनेकांना असते, आणि नेमकी तीच त्याला संपवते.

पाणी साचण्याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढून ठेवा. भोकं खालून काडीनं मोकळी करा, मुळांनी ती बुजवलेली असतात. प्लास्टिकच्या कुंडीला तळाशी भोकं कमी असतील तर तापलेल्या सळईनं आणखी पाडा. कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे भोक फरशीला चिकटत नाही. सलग पाऊस असेल तर कुंडी एका बाजूला कलती करून टेकवा, वरचं पाणी वाहून जातं.

आता एका जुन्या सल्ल्याबद्दल. ‘तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर द्या, निचरा चांगला होतो.’ होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही. ते मातीच्या तळाशीच लटकून राहतं. म्हणजे चार इंच विटा घातल्या की चिखलाचा थर चार इंच वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो, आणि माती कमी बसते ते निराळंच. भोकावर माती गळू नये म्हणून एक खापरी ठेवा, बस. निचरा हवा असेल तर संपूर्ण मिश्रणच मोकळं करा.

माती ठीक, तरी झाड लोंबतंय

ओल बरोबर आहे, मुळं कुजलेली नाहीत, मग इतर गुन्हेगार. मे महिन्यात काळी प्लास्टिकची कुंडी किंवा ग्रो बॅग तापलेल्या स्लॅबवर असेल तर आतली मुळं भाजतात. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तिथे हे फार होतं. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, पश्चिमेच्या बाजूला आडोसा द्या, मातीवर उसाचं पाचट किंवा वाळका पाला घाला, वर निम्मं ऊन अडवणारी, ५० टक्क्यांची शेडनेट.

बोअरचं पाणी आणि वरचेवर रासायनिक खत, आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसत असेल, तर क्षार साठलेत. ओल्या मातीतही मुळांना पाणी ओढता येत नाही. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू ओतून निथळू द्या.

कच्चं शेणखत वापरलं असेल तर हुमणी पाहा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची जाडजूड अळी मुळं कुरतडते आणि झाड हलवलं की उपटून हातात येतं. वेचून काढणं हाच सरळ उपाय. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी.

आणि एक दिवस हिरवीगार पानं न पिवळी पडता एकाएकी सुकली, तर जिवाणूजन्य मर. टोमॅटो, वांगं, मिरची या कुळावर ती येते, कोकण आणि गोव्याच्या उष्ण, दमट हवेत विशेष. खोड जमिनीलगत कापा, तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात लटकता धरा. काही मिनिटांत कापातून दुधाळ धागे खाली उतरले तर खात्री पटली. याला औषध नाही. झाड मुळांसकट फेका, कात्री धुवा, ती माती पुन्हा या कुळातल्या भाजीला वापरू नका. पुढच्या वेळी मर सहन करणारा वाण घ्या. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ टोमॅटो त्यांतला एक.

टोमॅटोच्या फळाच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडला की लोक अंड्याची टरफलं शोधतात. कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही हे खरं, पण ते पाण्याबरोबर चढतं आणि पाणी आज कोरडं, उद्या पूर असं मिळत असतं. पाणी नियमित झालं की नंतरची फळं बहुधा स्वच्छ येतात.

गावाला जाताना ताटल्या काठोकाठ भरून जाऊ नका. कुंड्या सावलीत एकत्र ठेवा, पाचट घाला, मोठ्या फळांची तोडणी करून जा. ठिबक लावणार असाल तर निघण्याआधी दोन दिवस चालवून पाहा. क्षाराच्या पाण्यानं एखादा ड्रिपर बुजलेला असतोच, आणि तो नेमका सगळ्यात मोठ्या टोमॅटोचा निघतो.