अन्ननलिकेच्या कॅन्सरचा पी५३ रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

कोल्हापुरात बायोप्सीच्या लॅबमध्ये काम करतो, म्हणून हे लिहावंसं वाटलं. मध्यंतरी गडहिंग्लजहून एक ताई वडिलांचा रिपोर्ट घेऊन आल्या, पी५३ च्या पुढं 'पूर्ण निगेटिव्ह' लिहिलेलं, त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, दादा निगेटिव्ह आलंय म्हणजे कॅन्सर नाही ना? वर निदानात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (अन्ननलिकेच्या अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर) स्पष्ट लिहिलं होतं, पण त्यांची नजर त्या एकाच शब्दावर अडकलेली.

सगळ्यात मोठी चूक हीच. टीपी५३ जीनपासून पी५३ प्रोटीन बनतं. तुकड्याला या प्रोटीनसाठी रंग (स्टेन) देतात, जीन धड असेल तर मायक्रोस्कोपखाली काही पेशी फिक्या तपकिरी, काही गडद, काही निळ्याच असं मिसळून दिसतं. जीन बिघडला की बहुतेक वेळा बिघडलेलं प्रोटीन मोडतच नाही, साठत जातं आणि गाठ सगळी गडद चॉकलेटी दिसते, नाहीतर प्रोटीन बनतच नाही आणि गाठ निळीकोरी राहते. म्हणजे कोरी गाठ हीसुद्धा म्युटेशनचीच, जीन बिघडल्याचीच खूण! फक्त अशा वेळी शेजारच्या नॉर्मल पेशींना थोडा तरी रंग चढलाय का ते आधी बघायचं, तिथंही काहीच नसेल तर स्टेनच फसलाय, परत करायचा. आणि कॅन्सर आहे का नाही हे नुसत्या पी५३ वर ठरत नाही, ते पेशींची ठेवण बघून ठरतं.

दुसरी चूक दवाखान्यातली. एका ठिकाणाहून एंडोस्कोपीचे तुकडे सलाईनमध्ये रात्रभर ठेवून आले होते, पेशी विरघळल्यागत झालेल्या, पेशंटला परत नळी घालावी लागली, फार वाईट वाटलं. तुकडा निघाला की लगेच १० टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये टाका, हर-२ (गाठीच्या पेशींवरच्या एका प्रोटीनची टेस्ट) करायचं असेल तर त्यात ६ ते ७२ तास.

हर-२ मुख्यतः अ‍ॅडिनोकार्सिनोमात (ग्रंथीसारख्या पेशींच्या कॅन्सरमध्ये) बघतात, आपल्याकडं तंबाखू-दारूमुळं स्क्वॅमसच जास्त. हर-२ चा स्कोअर २+ आला तर ते हो पण नाही आणि नाही पण नाही, फिश टेस्ट (हर-२ जीनच्या प्रती मोजणारी) करावी लागते.

रक्तातल्या सीईएवर (कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक प्रोटीन) तर अजिबात विसंबू नका, सुरुवातीला ते नॉर्मल असू शकतं. भाकरीचा घास छातीत अडकायला लागला की थेट एंडोस्कोपी करा. आणि पुण्या-मुंबईला जाताना नुसता कागद नेऊ नका, लॅबमधून ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या, पुढच्या टेस्ट त्याच ब्लॉकवर होतात.