'नाऊ वुई विल सी' म्हणण्याआधी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझा सेमिनार उसावरच्या तांबेऱ्यावर होता. घरचा ऊस असल्यामुळे पानाखालचे ते तांबूस पुळे लहानपणापासून बघितलेले, अभ्यासही मनापासून केलेला. पंधरा स्लाइड होत्या आणि प्रत्येक स्लाइड बदलताना मी एकच वाक्य म्हणत गेले. 'नाऊ वुई विल सी द सिम्प्टम्स.' 'नाऊ वुई विल सी द लाइफ सायकल.' 'नाऊ वुई विल सी द कंट्रोल मेझर्स.' ऐकायला एक बाहेरगावच्या प्राध्यापक बाई होत्या, बरीच वर्षं परदेशात शिकवून आलेल्या. संपल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "अभ्यास चांगला आहे तुमचा. पण पुढे काय येणार आणि ते का येणार, हे मला दर वेळी पडद्याकडे बघून कळत होतं. तुमच्याकडून कळायला हवं होतं."

हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे इंग्रजीतून विज्ञान. व्याकरण शिकवलं गेलं, शब्द पाठ झाले, पण एक मुद्दा संपवून दुसरा कसा उघडायचा हा धडा कुठल्याच वर्गात नव्हता. आता मी संध्याकाळी कोल्हापुरात राजारामपुरीत मुलांची सेमिनारची आणि मुलाखतीची तयारी करून घेते. दर बॅचमध्ये पहिला दिवस याच एका गोष्टीला देते.

सुरुवात आपल्या 'पाहू'पासून होते. 'आता आपण लक्षणे पाहू' हे उत्तम मराठी आहे. पण हा 'पाहू' उचलून इंग्रजीत 'सी' केला की बिघडतं. महाद्वार रोडवर साडीचा भाव करताना दुकानदार 'बघू' म्हणतो ना, नंतर ठरवू या अर्थानं? इंग्रजी माणसाचं नुसतं 'वुई'ल सी' हे तसलं 'बघू' आहे. मुद्द्याकडे वळायचं असेल तेव्हा तो 'लेट्स लुक ॲट' म्हणतो. 'सी' म्हणजे दिसणं, 'लुक ॲट' म्हणजे मुद्दाम नजर वळवणं. ऐकणाऱ्याची नजर आपल्याला वळवायची असते, म्हणून दुसरं.

यातच 'वुई'चा एक पेच आहे, तो मला फार आवडतो. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं, 'आपण' वेगळं. इंग्रजीत दोन्हींना एकच 'वुई'. शोधनिबंधात 'वुई कलेक्टेड सॅम्पल्स' म्हटलं की ते 'आम्ही' असतं, कारण नमुने वाचकानं गोळा केलेले नसतात. पुढच्याच पानावर 'वुई नाऊ टर्न टु द रिझल्ट्स' येतं, तेव्हा त्यात वाचकाचा हात धरलेला असतो, ते 'आपण'. हा फरक मराठी माणसाला आयताच कळतो. वाक्य लिहिण्याआधी मनात मराठी सर्वनाम म्हणून बघा, आपण कुणाला बरोबर घेतोय ते लगेच कळेल.

आता वळणाची वाक्यं. मुलं यांची यादी मागतात, मी देत नाही. त्याऐवजी तीनच वाक्यं घेऊन बसते. 'मूव्हिंग ऑन टु' मागचं दार लावतं, तो मुद्दा संपला असं सांगतं. 'दॅट ब्रिंग्ज मी टु' म्हणायचं तर मागच्या मुद्द्यातून पुढचा खरोखर निघायला हवा. तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात एवढं सांगून झालं की 'दॅट ब्रिंग्ज मी टु द वेदर' शोभतं, कारण वाऱ्यानं हवामानाची वाट आधीच करून ठेवलेली असते. आणि 'आय'ल कम टु दॅट इन अ मोमेंट' ही उधारी आहे. 'येते त्याकडे' म्हणून पुढे गेलात आणि तिकडे आलाच नाहीत, तर ऐकणारा शेवटपर्यंत ते मनात धरून बसतो. आकड्याचंही तेच. मुलाखतीत 'देअर आर थ्री रीझन्स' म्हणून दोनच कारणं सांगणारी मुलं मी दर बॅचला बघते. तिसरं कारण हाताशी नसेल तर आकडा बोलूच नका, 'देअर आर सम रीझन्स' म्हणा.

शब्दांइतकाच आवाजही सांगत असतो. खासबाग मैदानात एक कुस्ती निकाली निघते, गलका ओसरतो, मग निवेदक पुढची जोड पुकारतो ती पहिल्यापेक्षा चढ्या आवाजात. गर्दीतल्या ज्याला नावं नीट ऐकू येत नाहीत त्यालाही कळतं की नवी जोड लागली. इंग्रजी वक्ताही मुद्दा संपवताना आवाज खाली आणतो, क्षणभर थांबतो आणि नवा मुद्दा वरच्या पट्टीत उघडतो. त्या उघडण्यावर बहुधा एखादा छोटा शब्द असतो: 'राइट', 'ओके', 'सो', 'नाऊ'. हा 'नाऊ' घड्याळातला 'आता' नव्हे. तो अनेकदा एकटा उच्चारला जातो, त्याच्यानंतर जरासा विराम घेऊन. आम्ही वर्गात परदेशी विद्यापीठांची व्याख्यानं लावतो, डोळे मिटून ऐकतो आणि मुद्दा बदलला वाटलं की बोट वर करतो. पहिल्या दिवशी बोटं पुढेमागे होतात. चौथ्या दिवशी शब्द न कळणाऱ्या मुलाचंही बोट बरोबर वेळेला वर जातं.

लिहिताना पद्धत जरा वेगळी. शोधनिबंध स्वतःबद्दल बहुधा वर्तमानकाळात बोलतो: 'धिस पेपर एक्झामिन्स', 'सेक्शन २ डिस्क्राइब्ज'. भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९०मध्ये शोधनिबंधाच्या प्रस्तावनेची तीन पावलं मांडली. आधी क्षेत्र दाखवायचं, मग त्यातली मोकळी जागा, आणि तिसऱ्या पावलात आपण काय करतोय ते जाहीर करायचं. आपली मुलं बरेचदा हे तिसरं पाऊलच गाळतात. विषयाची थोरवी दोन पानं आणि मग थेट 'मटेरियल्स अँड मेथड्स'. गाइड वही परत करतात आणि मुलाला कारण उमगत नाही.

काही चुका एकेका शब्दाच्या आहेत. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको. आपण 'याविषयी चर्चा' म्हणतो, तो 'विषयी' तिथे घुसतो. 'ॲज फॉलोज'मधला शेवटचा 'ज' कधीच जात नाही, पुढे एक गोष्ट असो की दहा. 'ॲट फर्स्ट' म्हणजे 'पहिला मुद्दा' नव्हे. त्याचा अर्थ 'आधी तसं वाटलं, मग चित्र बदललं'. आणि 'ॲट लास्ट'. कागलकडच्या एका मुलानं निबंधाच्या अखेरीस लिहिलं होतं, 'ॲट लास्ट आय विल डिस्कस द ड्रॉबॅक्स.' मी त्याला म्हटलं, "अरे, याचा अर्थ होतो हुश्श, एकदाची पाळी आली! तसं म्हणायचंय का तुला?" तो म्हणाला, "नाही मॅडम, शेवटचा मुद्दा म्हणायचंय." मग 'फायनली' किंवा 'लास्टली'.

आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा, देणाऱ्यांना एक सांगणं. तिथे दुसऱ्या लेखनप्रश्नाला किमान २५० शब्द लागतात, आणि सुसूत्रतेला वेगळे गुण आहेत म्हणून मुलं दर वाक्याला 'फर्स्टली', 'मोअरओव्हर', 'फर्दरमोअर' डकवतात. गुण देण्याच्या निकषांत असा यांत्रिक आणि अति वापर दोष म्हणून लिहिलेला आहे. वळण असेल तिथेच पाटी हवी. सरळ रस्त्यावर दर दहा पावलांना पाटी लावली तर खरं वळण चुकतं.

सरावासाठी मी एकच काम देते. पाच मिनिटं बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मग त्यातली फक्त पुढचं सांगणारी वाक्यं एका कागदावर उतरवा. तो कागद ज्यानं तुमचं बोलणं ऐकलेलं नाही अशा मित्राला द्या. रंकाळ्यावर फिरताना त्याला विचारा, मी कशावर बोललो आणि कुठून कुठे गेलो. त्याला सांगता आलं तर जमलं.

माझा तांबेऱ्याचा सेमिनार मी अजून अधूनमधून मुलांपुढे देते. पहिली स्लाइड लावायच्या आधी, पडदा कोरा असताना, मी म्हणते, 'आय'ड लाइक टु स्टार्ट विथ व्हॉट द फार्मर सीज ऑन द लीफ, अँड देन वर्क बॅक टु व्हाय इट हॅपन्स.'