घडीच्या चाकूचा स्क्रू पिळण्याआधी चीक काढा

रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागेत वापरला जाणारा घडीचा चाकू अडखळत उघडू लागला की बहुतेक जण थेट बिजागरीचा स्क्रू सैल करतात. मात्र खरा दोष बहुधा स्क्रूचा नसून पात्याच्या बुडाशी वाळून काळ्या पडलेल्या चिकाचा असतो. म्हणून आधी कोमट साबणाचे पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन बिजागरी स्वच्छ करावी, ती पूर्ण वाळू द्यावी आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. जास्त तेलावर धूळ बसते, आणि खान्देशातल्या उन्हाळ्यात धुळीला तोटा नसतो.

त्यानंतर पाते उघडून, बोटे धारेपासून दूर ठेवून, पात्याची पाठ धरून ते आडवे हलवून पाहावे. ते डुगडुगत असेल तर स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पाना घेऊन एका वेळी जेमतेम एक अष्टमांश फेरा आवळावा, दोन-चार वेळा उघडझाप करावी आणि मगच पुढचा फेरा द्यावा. डुगडुग थांबते पण पाते रखडत नाही, तेथेच थांबावे. स्क्रू वापरात आपोआप सैल होत असेल तर त्याच्या आट्यांवरचे तेल पुसून निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांवर लावायच्या चिकट द्रावणाचा) बारीक ठिपका लावावा आणि चाकू एक दिवस तसाच ठेवावा. हे द्रावण पात्याला लागून असलेल्या वायसरवर (चकतीवर) ओघळले, तर मात्र पाते चिकटून बसते.

बिजागरीत स्क्रूऐवजी ठोकून बसवलेली खीळ म्हणजे रिव्हेट असलेल्या चाकूला स्क्रू आवळण्याचा हा उपाय लागू नाही. तो लोहाराकडेच न्यावा.